मोटार-स्कूटरची बॅटरी कां उतरते?

हल्लीं खेड्यापाड्यांत स्कूटर ही चैनीची वस्तु राहिलेली नसून, नांगर व बैलगाडी यांच्याप्रमाणेंच ती शेतकऱ्याच्या संसाराचें एक साधन होऊन बसली आहे. पहांटे दुधाचे कॅन डेअरीवर पोंचविणें, भाजीचें गांठोडें सौद्याच्या वेळेस आडत्याकडे नेणें, पंपाचा फ्यूज उडाल्यास रात्रीं-अपरात्रीं विहिरीवर धांव घेणें, किंवा घरांतील आजारी माणसास तालुक्याच्या दवाखान्यांत नेणें, हीं सर्व कामें तिच्या जोरावर होतात. अशा ऐन वेळीं बटण दाबावें आणि गाडीनें केवळ "टिक् टिक्" असा आवाज करून गप्प बसावें, म्हणजे धन्याची जी तारांबळ उडते तिचा अनुभव आमच्या पुष्कळ सभासदांस असेल. मग गाडी ढकलीत दुकानीं न्यावयाची, "बॅटरी गेली" हा निकाल ऐकावयाचा, हजार-दीड हजार रुपये मोजून नवी बॅटरी घालून घ्यावयाची, आणि दोन-तीन महिन्यांनीं पुन्हां तोच प्रकार, हा क्रम ठिकठिकाणीं चालतो. वास्तविक बॅटरी उतरली म्हणजे ती बिघडलीच असें नाहीं. कित्येकदां बिघाड दुसरीकडेच असतो व त्याची झळ मात्र बॅटरीस लागते. तो बिघाड नेमका कोठें आहे हें थोडक्या साधनांनीं घरच्या घरीं कसें ओळखावें, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वीज कोठून येते.— तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हालविला असतां तारेंत वीज उत्पन्न होते, हें इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखवून दिलें. स्कूटरची सर्व वीज याच तत्त्वावर तयार होते. इंजिनाच्या दांड्यावर वाटीच्या आकाराचें एक चाक बसविलेलें असून त्याच्या आंतल्या कडेस लोहचुंबक असतात; यास मिस्त्री लोक "मॅग्नेट" म्हणतात. त्याच्या पोटांत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असलेली एक स्थिर तबकडी असते. तिला "कॉइल प्लेट" म्हणतात. इंजिन फिरूं लागलें कीं कॉइलमध्यें वीज तयार होऊं लागते. परंतु ही वीज क्षणोक्षणीं दिशा बदलणारी असते, आणि बॅटरीस तर एकाच दिशेनें वाहणारी वीज लागते. म्हणून ती ॲल्युमिनियमच्या एका खांचेदार डबींतून नेतात. या डबीस रेग्युलेटर-रेक्टिफायर, अथवा बाजारी भाषेंत "आर. आर." असें नांव आहे. ही डबी दोन कामें करते: विजेला एक दिशा लावते, आणि इंजिन कितीहि वेगानें फिरलें तरी विजेचा दाब ठराविक मर्यादेच्या वर जाऊं देत नाहीं.

राहतां राहिली बॅटरी. शिशाचे पत्रे व गंधकाम्ल यांपासून पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी गॅस्टन प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं प्रथम तयार केली, आणि बहुतेक पेट्रोल-स्कूटरांत आजहि त्याच जातीची बॅटरी असते. तिच्यांत सहा घरें असून प्रत्येक घराचा दाब सुमारें २.१ व्होल्ट असतो. म्हणून तिला १२ व्होल्टची बॅटरी म्हणतात. तिची सांठवण सामान्यतः ३ ते ५ अँपिअर-तास, म्हणजे फारच बेताची असते. ट्रॅक्टरच्या बॅटरीपुढें ती कणग्यापुढें शेर-मापट्यासारखी आहे, हें नेहमीं ध्यानांत ठेवावें.

पूर्वीची गाडी व हल्लींची गाडी.— १९७२ सालीं बाजारांत आलेली बजाज चेतक ज्यांनीं वापरली आहे, त्यांस बॅटरीची एवढी चिंता कशाला असें वाटणें साहजिक आहे. त्या गाडीची ठिणगी मॅग्नेटवर पडत असे. बॅटरी नसली तरी किक मारली कीं इंजिन चालू होई. आतां परिस्थिति पालटली आहे. १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या दुचाकी गाड्यांचा पुढील दिवा इंजिन चालू असेतोंपर्यंत दिवसाढवळ्याहि जळत राहतो. साध्या ३५ वॅटच्या दिव्यास जवळजवळ ३ अँपिअर प्रवाह लागतो, म्हणजे कॉइलच्या मिळकतींतून तेवढा वांटा आधींच खर्ची पडतो. पुढें १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही नियमावली लागू झाल्यावर स्कूटरांतून कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल फवारणारी विजेची यंत्रणा आली. तींत पेट्रोलचा पंपहि विजेवर चालतो. त्यामुळें बॅटरी पार उतरली असल्यास किक असूनहि गाडी बहुधा चालू होत नाहीं. सबब बॅटरीकडे लक्ष देणें पूर्वींपेक्षां आतां अधिक अगत्याचें झालें आहे.

तीन रकाने.— गांवच्या दप्तरांत ज्याप्रमाणें शिल्लक, जमा व खर्च यांचे रकाने निरनिराळे असतात, त्याचप्रमाणें बॅटरीचाहि हिशेब ठेवावा. पहिला रकाना शिलकेचा: बॅटरींत वीज किती आहे व ती टिकते काय? दुसरा जमेचा: इंजिन चालू असतां बॅटरींत वीज येते काय? तिसरा गळतीचा: गाडी बंद असतां वीज कोठें झिरपून जाते काय? हे तीन रकाने तपासल्यावांचून नवी बॅटरी घेणें म्हणजे तळाशीं भोंक असलेली घागर पुन्हां पुन्हां भरणें होय.

साधनें.— यासाठीं आंकडे दाखविणारा एक साधा मल्टिमीटर पुरे. तो विजेच्या सामानाच्या दुकानीं थोडक्या शें रुपयांत मिळतो. त्याशिवाय दोन पान्हे, एक स्क्रू-ड्रायव्हर, थोडा पॉलिश पेपर आणि व्हॅसलीन एवढें जवळ असावें. बॅटरी बहुतेक गाड्यांत पाय ठेवण्याच्या पाट्याखालीं किंवा सीटखालीं असते. ती सोडवितांना ऋण, म्हणजे वजा खुणेची तार प्रथम काढावी, व जोडतांना तीच शेवटीं जोडावी. असें न केल्यास पान्हा गाडीच्या सांगाड्यास लागून ठिणगी उडण्याचा संभव असतो.

शिलकेची तपासणी.— गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं, चावी न लावतां, मीटर डी. सी. २० व्होल्टच्या खुणेवर ठेवून त्याचें लाल टोंक बॅटरीच्या अधिक खुणेस व काळें टोंक वजा खुणेस लावावें. नुकतीच चालविलेली गाडी तपासूं नये, कारण त्या वेळीं आंकडा खोटा चढलेला असतो. १२.७ किंवा त्याहून अधिक व्होल्ट आल्यास बॅटरी भरलेली आहे, १२.४ च्या आसपास आल्यास ती कांहीं अंशीं रिकामी झाली आहे; १२ च्या खालीं आल्यास जवळजवळ संपली आहे असें समजावें. आंकडा १०.५ च्या सुमारास अडून बसला व भरूनहि वर चढत नसला, तर सहांपैकीं एक घर मेलें आहे. अशा बॅटरीवर उपाय नाहीं.

उतरलेली बॅटरी प्रथम चार्जरवर पूर्ण भरावी, आणि कोणतीहि तार न जोडतां एक रात्र तशीच ठेवावी. सकाळीं आंकडा १२.४ च्या खालीं आला, तर दोष बॅटरींतच आहे. तो टिकून राहिला, तर ती गाडीस जोडून सेल्फचें बटण दाबावें व त्याच वेळीं मीटर पाहावा. क्षणभर दाब उतरतो हें खरें, परंतु तो साडेनऊ-दहा व्होल्टच्या खालीं जाऊं नये. गेला तर बॅटरीचा जोम सरला असें जाणावें. या दोन्ही कसोट्यांस उतरलेली बॅटरी निर्दोष समजून पुढील रकान्याकडे वळावें.

जमेची तपासणी.— गाडी मोकळ्या हवेंत डबल स्टँडवर उभी करावी. मागचें चाक फिरणार असल्यामुळें मुलें, धोतराचा सोगा व लुगड्याचा पदर त्यापासून दूर असावा. इंजिन चालू करून मीटर पूर्वींप्रमाणेंच बॅटरीस लावावा व हळूहळू वेग वाढवावा. इंजिन मंद असतांना आंकडा थोडाच चढेल. पण वेग वाढवितांच तो सामान्यतः १३.५ ते १४.८ यांच्या दरम्यान येऊन स्थिर झाला पाहिजे. असा आंकडा आल्यास जमेची बाजू ठीक आहे. इंजिन चालू करण्यापूर्वींचाच आंकडा कायम राहिला, किंवा दिवा व हॉर्न लावतांच तो खालीं खालीं जाऊं लागला, तर बॅटरींत वीज येतच नाहीं. ती केवळ आपली पुंजी खात आहे. मग नवी बॅटरी घातली तरी तिचीहि तीच गत होणार.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. चार्जिंग होतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहण्याची जी जुनी रीत आहे, ती सर्वस्वीं सोडून द्यावी. तार काढतांच विजेचा दाब एकदम उसळतो व नव्या गाडींतील महागडें नियंत्रक यंत्र त्यानें जळूं शकतें.

जमा होत नसल्यास काय पाहावें.— स्वस्त व सोप्या कारणांपासून आरंभ करून अवघड कारणांकडे जावें, हा दुरुस्तीचा साधा नियम आहे.

(१) प्रथम फ्यूज पाहावा. तो गेलेला असल्यास त्याच अँपिअरचा दुसरा घालावा. तांब्याची तार गुंडाळून काम भागवूं नये. नवा फ्यूजहि लगेच गेला, तर कोठें तरी तार सोलून सांगाड्यास लागत आहे, तिचा शोध घ्यावा.

(२) नंतर बॅटरीचे स्क्रू पाहावे. ते सैल असल्यास किंवा त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असल्यास पॉलिश पेपरनें घासून स्वच्छ करावे, घट्ट आवळावे व वर व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. बॅटरीच्या वजा बाजूची तार सांगाड्यास जेथें जोडली असते, तो सांधाहि असाच स्वच्छ करावा. चिखलांतून वापरल्या जाणाऱ्या गाडींत हा सांधा गंजून वीज अडून राहते व दोष मात्र कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

(३) त्यापुढें आर. आर. डबीचा प्लग उपटून पाहावा. त्यांतील एखादी पिन तपकिरी किंवा काळी पडली असेल, प्लॅस्टिक वितळलेलें असेल, तर रोगाचें मूळ बहुधा सांपडलें.

(४) प्लग ठीक असल्यास कॉइलची पाळी येते. ज्या गाड्यांत कॉइलकडून एकाच रंगाच्या, बहुधा पिवळ्या, तीन तारा येतात, तेथें प्लग काढून इंजिन चालू करावें, मीटर ए. सी. २०० व्होल्टच्या खुणेवर ठेवावा आणि दोन-दोन तारांच्या तिन्ही जोड्या मोजाव्या. तिन्ही आंकडे जवळजवळ सारखे असून वेगाबरोबर वाढत गेले पाहिजेत. एक जोडी मागें राहिल्यास कॉइल बिघडली आहे. इंजिन बंद करून यांपैकीं कोणतीहि तार व सांगाडा यांमध्यें मीटरनें जोड दाखविला, तरीहि कॉइल जळालीच म्हणावयाची. मात्र कांहीं गाड्यांत कॉइलचें एक टोंक मुद्दामच सांगाड्यास जोडलेलें असतें, तेथें असा जोड दिसणें हा दोष नव्हे.

(५) कॉइलमधून वीज पुरेशी येते, तारा व सांधे अखंड आहेत, तरीहि बॅटरीपर्यंत कांहीं पोंचत नाहीं, असें ठरल्यावरच आर. आर. बदलावा.

आमच्या पाहण्यांतील एका दूध घालणाऱ्या गृहस्थांनीं एका वर्षांत दोन बॅटऱ्या घेतल्या होत्या व तिसरी घेण्याच्या बेतांत होते. मीटर लावून पाहतां इंजिनाचा वेग वाढवूनहि आंकडा १२.३ च्या वर जाईना. आर. आर. चा प्लग काढला तों त्यांतील एक पिन जळून कोळसा झालेली. प्लग बदलण्यास आलेला खर्च बॅटरीच्या किमतीच्या मानानें नांव घेण्यासारखाहि नव्हता, आणि दुसरी बॅटरी भरून घेतल्यावर तीच पुढें चालू राहिली. नुकसान पैशाचें तर झालेंच. पण गाडी अडल्यामुळें ज्या दिवशीं दूध वेळेवर पोंचलें नाहीं व नासलें, त्याची भरपाई कोणी करावयाची?

कांहीं नव्या गाड्यांत सेल्फची वेगळी मोटर नसून मॅग्नेट-कॉइलच इंजिन फिरविण्याचें व वीज करण्याचें, अशीं दोन्ही कामें करते, आणि त्यांवर एकाच नियंत्रक यंत्राची देखरेख असते. अशा गाडींत पहिल्या दोन बाबी व व्होल्टची मोजणी एवढेंच आपण करावें. बाकीचें काम माहितगारांवर सोंपवावें.

गळतीची तपासणी.— बॅटरी चांगली, जमाहि बरोबर, तरी दोन-चार दिवस गाडी उभी राहिली कीं सेल्फ लागत नाहीं, असें होत असल्यास गळतीचा संशय घ्यावा. चावी बंद करून बॅटरीची वजा तार सोडवावी. मीटरचें लाल टोंक मोठ्या प्रवाहाच्या, म्हणजे १० अँपिअरच्या भोंकांत घालावें व मीटर त्या सुटलेल्या तारेच्या व बॅटरीच्या मध्यें जोडावा. आंकडा अगदीं थोडा आहे अशी खात्री झाल्यावरच मिलिअँपिअरच्या खुणेवर यावें. मीटर असा जोडलेला असतां चावी फिरवूं नये किंवा सेल्फ मारूं नये, नाहीं तर मीटर जळेल.

एक-दोन मिलिअँपिअर गळती चिंतेची नव्हे. १ मिलिअँपिअरनें ४ अँपिअर-तासांची बॅटरी संपण्यास साडेपांच महिने लागतील. परंतु २० मिलिअँपिअर गळती असल्यास तीच भरलेली बॅटरी आठ-नऊ दिवसांत रिकामी होते. अशा वेळीं मागाहून बसविलेल्या वस्तूंकडे प्रथम पाहावें: मोठा हॉर्न, जादा एल. ई. डी. दिवे, मोबाईल भरण्याचें सॉकेट, चोरीची घंटा. यांच्या तारा पुष्कळदां चावीस वळसा घालून थेट बॅटरीवर जोडलेल्या असतात. एकेक वस्तु सोडवीत जावें. जिच्याबरोबर आंकडा पडेल ती चोर. गोठ्यांत किंवा कडब्याच्या गंजीशेजारीं उभ्या असणाऱ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, तेंहि पाहावें.

अति जमा हाहि रोगच.— वेग वाढवितांच आंकडा १५ च्या पुढें जात असेल, दिवे वारंवार उडत असतील, बॅटरी गरम होऊन फुगत असेल किंवा आंबूस उग्र वास येत असेल, तर आर. आर. दाबास आवर घालीत नाहीं असें समजून तो त्वरित बदलावा. पिकास पाणी तुटलें तर तें वाळतें आणि तुंबलें तर सडतें, तसाच हा प्रकार आहे.

बॅटरी बाहेर भरणें.— बॅटरीवर जितके अँपिअर-तास लिहिलेले असतील, त्यांच्या दहाव्या हिश्श्याइतक्या प्रवाहानें ती भरावी. ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीस ०.४ अँपिअर प्रवाह योग्य, आणि पार रिकामी असल्यास दहा-बारा तास लागतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठीं असलेल्या मोठ्या चार्जरवर ती लावल्यास लवकर भरल्यासारखी दिसते खरी, परंतु आंतून शिजून निघते. भरतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघूं शकतो व तो ठिणगीनें पेट घेतो. म्हणून ती उघड्या जागीं भरावी व जवळ विडी-काडी येऊं देऊं नये. अंगावर आम्ल सांडल्यास लगेच भरपूर पाण्यानें धुवावें; डोळ्यांत गेल्यास पाण्यानें धूतच दवाखाना गांठावा. ज्या जुन्या बॅटऱ्यांस बुचें असतात, त्यांत फक्त बॅटरीचें शुद्ध पाणी दोन रेघांच्या मध्यापर्यंत घालावें; विहिरीचें पाणी किंवा नवें आम्ल घालूं नये. बंद बॅटरीचें झांकण मात्र कधींहि उघडूं नये.

निगा.— बॅटरी रिकाम्या स्थितींत पडून राहणें यासारखा तिचा दुसरा शत्रु नाहीं. तशा स्थितींत शिशाच्या पत्र्यांवर कठीण खडे धरतात, आणि मग ती पुरती भरत नाहीं. पावसाळ्यांत वाट बंद झाल्यामुळें किंवा पेरणीच्या गर्दींत गाडी महिना-महिना उभी राहणार असेल, तर बॅटरी भरून वजा तार सोडवून ठेवावी, व महिन्याकाठीं एकदां आंकडा पाहून लागल्यास पुन्हां भरावी. घर ते मळा एवढ्याच अंतराच्या फेऱ्या होत असतील, तर खर्च रोजचा व जमा अपुरी असा प्रकार होतो. त्यासाठीं आठवड्यांतून एखादी अर्ध्या तासाची सलग फेरी व्हावी. किकची सोय असल्यास सकाळची पहिली सुरुवात किकनें करावी. सेल्फ पांच सेकंदांपेक्षां अधिक दाबून धरूं नये. उन्हाळ्यांत गाडी सावलींत लावावी, कारण उष्णतेनें बॅटरीचें आयुष्य घटतें. गाडी धुतांना आर. आर. च्या खांचांतील चिखलहि धुवावा, म्हणजे ती डबी थंड राहते.

नवी बॅटरी घेणें भागच पडल्यास जुनीवरील अँपिअर-तास व आकार पाहून तशीच घ्यावी, तिच्यावरील तयार झाल्याची तारीख वाचावी व हमीपत्रावर शिक्का घ्यावा. नवी बॅटरी बसवितांच जमेची तपासणी दुकानदारासमोरच करून घ्यावी. जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा विहिरीकांठीं टाकूं नये; शिसें हें माणसांस व जनावरांस विष आहे. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनीं उत्पादकांवर टाकलेली आहे. ती दुकानीं परत दिल्यास किमतींतहि बहुधा सूट मिळते.

सारांश, सकाळीं गाडी बंद असतां १२.४ च्या वर, सेल्फ मारतांना साडेनऊच्या वर, वेगांत १३.५ ते १४.८, आणि चावी बंद असतां गळती एक-दोन मिलिअँपिअर, हे चार आंकडे प्रत्येक स्कूटरवाल्यानें वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकांत कारखान्यानें निराळा आंकडा दिला असल्यास तोच प्रमाण मानावा.

शेवटीं एक सूचना. प्रत्येकानें मीटर घेणें होत नसल्यास गांवच्या सोसायटीनें एक मल्टिमीटर व एक लहान चार्जर कचेरींत ठेवावा, आणि तो वापरण्याची रीत दोन-तीन तरुण सभासदांस शिकवावी. एवढ्याशा खर्चानें गांवांतील किती तरी अकारण खरेदी थांबेल. शिवाय "बॅटरी गेली" असें दुकानदारानें सांगितल्यास आंकडा दाखवा असें नम्रपणें म्हणण्याचें धैर्य आमच्या बांधवांच्या अंगीं येईल.